तांब्याभर उजेड

दोस्तांनो, आज आधी काम, मग गप्पा. घरातली विजेरी शोधा. नसेल तर मोबाइलचा टॉर्च चालेल, पण तो मागताना आईला खरं कारण सांगा. रात्री दिवे घालवून आरशासमोर उभे राहा आणि विजेरी हनुवटीखाली धरा. झालं भूत! हा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी धाकट्या भावंडांवर केलेला आहे, मला माहीत आहे. आता विजेरी वर न्या, अगदी नाकासमोर, डोळ्यांच्या रेषेत. चेहरा कसा दिसतो? भाकरीसारखा सपाट. गाल कुठे संपले आणि नाक कुठे सुरू झालं, पत्ताच लागत नाही. आता हात लांब करून विजेरी उजवीकडे न्या, डोक्याच्या थोडी वर, थोडी पुढे. बघा बरं! नाकाला धार आली, गाल गोल झाला, हनुवटीखाली सावली पडली.

चेहरा तोच, विजेरी तीच, सेलही तेच. आपण फक्त विजेरीची जागा बदलली. उघड्यावर माणसाचा फोटो काढताना फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला का धरायचा, ते तुम्हांला एवढ्यात कळलंसुद्धा. आता राहिलं ते जमवायचं कसं. त्याचीच ही हकिकत.

दिवाळीच्या सुट्टीत मी कऱ्हाडला बहिणीकडे गेलो होतो. भाचा आठवीत, भाची दहावीत. भाची शाळेच्या कबड्डी संघात आहे, चढाईला जाते. गेल्या वर्षी त्यांचा संघ तालुक्यात पहिला आला. शाळेच्या वार्षिक अंकात संघाचा फोटो छापून आला, बारा जणींचा. मी कौतुकानं अंक मागितला तर भाची म्हणाली, "सापडत नाहीये."

रात्री भाच्यानं गुपचूप आणून दाखवला. पान उघडलं आणि मी गप्प झालो. बारा मुलींपैकी एकीच्या चेहऱ्यावर नखाएवढा पांढरा कागद चिकटवलेला होता.

"ताईनंच लावलाय," भाचा कुजबुजला. "त्या फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर सगळ्यांना गोरं केलं. ताईचा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा झाला. आणि मान तशीच राहिली. वर्गात सगळे हसले."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी विषय काढला. जरा सांभाळूनच. म्हटलं, "अगं, सावळ्या रंगाचा फोटो चांगला यायला..."

"मामा, सावळी नको म्हणूस. काळी म्हण. मला चालतं. त्या फोटोवाल्यांना चालत नाही." आणि ती बशी उचलून आत गेली.

आता भाच्याची बाजू ऐका. त्याच्याकडे काकानं दिलेला एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, भिंग बदलता येतं तो. सोबत एक फ्लॅश. त्यानंही बहिणीचे दोन फोटो काढून पाहिले होते. पहिला सूर्यास्तासमोर, फ्लॅशशिवाय. आकाश काय सुंदर! त्यात ताई म्हणजे नुसती काळी आकृती, पुठ्ठ्यातून कापून काढलेली. दुसरा कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून. त्यात आकाश काळं झालं, कपाळ चकाकलं आणि ताई रात्री पकडलेल्या चोरासारखी दिसू लागली. त्यानंतर तिनं जाहीर करून टाकलं, "आता एकच संध्याकाळ देईन. त्यात जमलं नाही, तर जन्मात पुन्हा माझा फोटो मागायचा नाही."

कळली ना आमची अट? संध्याकाळ एकच. म्हणून आम्ही आधी सराव करायचं ठरवलं. पण कोणावर? मी उभा राहायला तयार होतो, पण भाचा म्हणाला, "मामा, तुझं टक्कल चमकतं." शेवटी स्वयंपाकघरातला जुना काळा माठ गच्चीवर आणला आणि स्टुलावर ठेवला. हसू नका. काळ्या माठानं आम्हांला जे शिकवलं, ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसतं.

पहिला धडा. भाच्यानं कॅमेरा ऑटोवर ठेवून माठाचा जवळून फोटो काढला. माठ आला करडा, धुरकट, कुणी राख फासल्यासारखा. असं का झालं? कॅमेऱ्याच्या आतल्या मोजयंत्राला समोर माठ आहे की माणूस आहे हे नीट ठाऊक नसतं. समोरची वस्तू मध्यम करडी असणार, असं ते धरून चालतं. काळी वस्तू दिसली की त्याला वाटतं उजेड कमी पडला, आणि ते फोटो उजळतं. पांढरी दिसली की वाटतं उजेड जास्त झाला, आणि ते फोटो काळवंडतं. घरी करून बघा: एक काळा कपडा आणि एक पांढरा कपडा, दोन्ही चौकट भरून वेगवेगळे टिपा. दोन्ही जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचे येतील. काही नव्या फोनना चेहरा ओळखता येतो, पण ते तर आणखी शहाणे! कित्येक फोनमध्ये चेहरा गुळगुळीत आणि उजळ करण्याची सोय असते, आणि काहींत ती आपण न सांगताच चालू असते. आधी ती शोधून बंद करा.

भाचा म्हणाला, "पण कॅमेरा तर यंत्र आहे ना? यंत्र कसा भेदभाव करेल?"

मग मी त्याला शर्ली कार्डाची गोष्ट सांगितली. फिल्मचा जमाना होता तेव्हाची. फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी नमुन्याचं एक छायाचित्र पाठवायची. त्यावर एक गोरी बाई असे. सुरुवातीच्या एका मॉडेलचं नाव शर्ली होतं, म्हणून पुढे बाया बदलल्या तरी सगळी कार्डं 'शर्ली'च. शर्लीचा रंग बरोबर छापला गेला की यंत्र बरोबर लागलं, असं समजायचं. साहजिकच काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात बसेनात. फोटोत नुसते दात आणि डोळे दिसायचे. पुढे फिल्म सुधारली, पण जोरात तक्रार कोणी केली होती माहीत आहे? चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी! जाहिरातीत काळं चॉकलेट आणि दुधाचं चॉकलेट सारखंच दिसतं, शिसवी आणि साधं लाकूड वेगळं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

"म्हणजे माणसांच्या आधी चॉकलेटं!" भाचा म्हणाला, आणि त्यानं कॅमेऱ्याची चकती ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवली. मला फार बरं वाटलं. मॅन्युअल म्हणजे सगळे आकडे आपण ठरवायचे, यंत्राला विचारायचं नाही.

आता ते आकडे. इथंच बहुतेक जण घाबरून पळतात. पळू नका, मी तुम्हांला पाणी भरायला नेतो.

समजा, नळ मंद चालू आहे आणि तुम्ही खाली कळशी धरलीत. नळाचं पाणी म्हणजे आकाशाचा, सूर्याचा उजेड. तो सारखा वाहतोच आहे. कळशी किती वेळ नळाखाली धरायची, ते ठरवतं शटर. कळशीचं तोंड किती मोठं, ते ठरवतं अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं छिद्र. आता शेजारून कोणीतरी येऊन त्याच कळशीत एक तांब्या पाणी भसकन ओतलं. तो तांब्या म्हणजे फ्लॅश. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतोसुद्धा. शक्ती कमी ठेवली तर त्याहूनही आधी.

मग आता सांगा, कळशी नळाखाली निम्माच वेळ धरली तर काय होईल? नळाचं पाणी निम्मं होईल. आणि तांब्याचं? तेवढंच राहील! कारण तांब्या ओतला त्या क्षणी कळशी खाली होतीच. सगळी मेख इथं आहे. शटरनं आकाश उजळ किंवा गडद करायचं आणि चेहऱ्यावरच्या फ्लॅशला धक्काही लागत नाही. कळशीचं तोंड लहान केलं, तर मात्र नळाचं आणि तांब्याचं, दोन्ही पाणी कमी पडतं. अ‍ॅपर्चरचा आकडा उलटा चालतो, एवढं ध्यानात ठेवा: एफ ५.६ पेक्षा एफ ८ चं छिद्र लहान.

हे ऐकून भाचा खूश झाला आणि त्यानं शटर लगेच १/४०० वर नेलं. फोटो काढला तर माठाचा वरचा अर्धा भाग छान आणि खालचा अर्धा काळोखात. त्याला वाटलं कॅमेरा बिघडला. रडायचाच बाकी होता.

कॅमेरा बिघडला नव्हता. अशा कॅमेऱ्यात शटरचे दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून मिटत येतो. साधारण १/२०० पर्यंत एक क्षण असा येतो की पहिला पूर्ण उघडलेला असतो आणि दुसरा निघालेला नसतो. त्या क्षणी फ्लॅश उडतो. त्याहून घाई केली तर दुसरा पडदा आधीच निघतो आणि फ्लॅशच्या वाटेत येतो. कळशीवर अर्धं झाकण, आणि तांब्या झाकणावर! तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा १/१६०, १/२००, १/२५० अशी कुठेतरी असेल. ती पुस्तिकेत लिहिलेली असते. पुस्तिका वाचायची असते, दोस्तांनो. ती खोक्यात ठेवण्यासाठी दिलेली नसते.

दुसऱ्या दिवशी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला. तो दुरून उडवायला रेडिओवर चालणारा छोटा ट्रिगर मिळतो: एक तुकडा कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. आम्ही तो गावातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दादांकडून दोन दिवसांसाठी मागून आणला. दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट पाहून उडणारेही फ्लॅश असतात, पण बाहेर भर उन्हात त्यांना तो पुष्कळदा दिसत नाही. पैसे वाचवायला कोणी आजोबांच्या काळचा फ्लॅश माळ्यावरून काढेल, त्याला आधीच सांगतो: काही फार जुन्या फ्लॅशच्या टोकांवर दोनशेच्या वर व्होल्ट असतात आणि त्यानं आजचा डिजिटल कॅमेरा जळू शकतो. जाणत्याकडून मोजून घ्या. आणि बिघडलेला फ्लॅश स्क्रू काढून उघडायचा नाही म्हणजे नाही! आत सुमारे तीनशे व्होल्ट साठवणारा कपॅसिटर असतो. सेल काढून टाकले तरी तो झटका देतो, आणि तो झटका चेष्टेचा नसतो. भाच्याच्या हातात मी स्क्रूड्रायव्हर पाहिला होता, म्हणून एवढं ओरडून सांगतोय.

फ्लॅश बाजूला आला, माठाला गोलाई आली. पण त्यावर एक बारीक, पांढरा, डोळ्यांत खुपणारा ठिपका दिसत होता. काळ्या, तकतकीत वस्तूवर उजेड स्वतःचं प्रतिबिंब पाडतो. उजेडाचा उगम चिमुकला असेल तर ठिपका चिमुकला आणि जळजळीत. उगम मोठा केला तर तोच ठिपका पसरून मऊ चमक होते. फ्लॅशचं तोंड काड्यापेटीहून जरा मोठं. ते मोठं कसं करायचं?

बहिणीच्या घरी आकाशकंदील करून उरलेल्या बांबूच्या कामट्या होत्या. त्यांची दोन फूट लांब, दोन फूट रुंद चौकट बांधली. आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा तिच्यावर ताणून शिवला. फ्लॅश आणि चौकट एकाच काठीला अशी बांधली की फ्लॅश कापडाच्या हातभर मागे राहील आणि सगळं कापड उजळेल. बाजारात यासाठी पांढऱ्या छत्र्या मिळतात, पण आमच्या धोतराला तोड नाही! फोटो काढला आणि भाचा ओरडला, "मामा, माठ बघ!" ठिपका गेला होता. माठाच्या पोटावरून एक रुंद, रेशमी चमक खाली उतरत होती. राखेचा रंग कुठेही नव्हता. माठ काळाच होता, आणि त्यावरचं कुंभाराच्या बोटाचं वळणसुद्धा दिसत होतं.

एवढ्यात वारा आला. स्टँड म्हणून वापरलेली खुर्ची, काठी, चौकट, सगळं आडवं. फ्लॅश वाचला, धोतर फाटलं. बहिणीनं रात्री टाके घातले आणि मला फुकटचं ऐकवलं. तेव्हा उघड्यावर स्टँड लावलात तर पायाशी दगडांची पिशवी बांधा, नाहीतर काठी धरायला माणूस ठेवा. आमच्याकडे मामा होता.

अंतराचा धडा राहिलाच. विजेरी भिंतीपासून एक मीटरवर धरा आणि उजेडाचं वर्तुळ बघा. दोन मीटरवर न्या. वर्तुळाची रुंदी दुप्पट होईल, पण क्षेत्रफळ? चौपट. तेवढाच उजेड चौपट जागेत पसरला, म्हणजे प्रत्येक जागेच्या वाट्याला चौथा हिस्सा. वर्गाचं कोष्टक पाठ करून घेताना हे कोणी सांगत नाही, पण फ्लॅश सरकवला की वर्ग आपोआप होतो. आमचा माठावरचा हिशेब असा जमला: आयएसओ १००, शटर १/२००, एफ ८, फ्लॅश निम्म्या शक्तीवर, कापड माठापासून दीड मीटरवर. तुमचा फ्लॅश वेगळा, तुमचं धोतर वेगळं, तेव्हा हे आकडे आंधळेपणानं उचलू नका. इथून सुरुवात करा.

तिसरी संध्याकाळ. मैदान. भाची संघाचा लाल बनियन घालून आली, गुडघ्यांना तांबडी माती, चेहऱ्यावर 'उरका लवकर'. सूर्य मावळायला तासभर होता. भर दुपारी आम्ही गेलो नाही, कारण दुपारच्या सूर्याशी एवढ्याशा फ्लॅशनं कुस्ती खेळण्यात अर्थ नसतो. शिवाय डोळेही बारीक होतात.

भाच्यानं तिला सूर्याकडे पाठ करून उभं केलं. आधी फ्लॅश बंद. आकाश नीट येईल असे आकडे लावले, मग छिद्र एक पायरी लहान करून ते जरा गडद केलं. चेहरा काळा आला. भाची मागे डोकावली, "हेच तर मागच्या वेळी आलं होतं." भाचा काही बोलला नाही. माठानं त्याला धीर धरायला शिकवलं होतं. त्यानं मला खूण केली. मी काठी उंच धरली, तिच्या उजव्या हाताला, डोक्याच्या वर. फ्लॅश उडाला.

कपाळ पांढरं फटक.

"झालं. पुन्हा पीठ," भाची म्हणाली आणि बूट घालायला वाकली.

दोस्तांनो, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आकडे तेच, शक्ती तीच, मग चुकलं काय? भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि ओरडला, "मामा! तू पुढे सरकलास!" खरंच की. काठीचं वजन पेलता पेलता मी नकळत दीड मीटरवरून एक मीटरवर आलो होतो. अर्धाच मीटर, पण उजेड सव्वादोनपट! आता यात बिचाऱ्या मुलीचा काय दोष? मी तिची माफी मागितली. "फोटो वाईट आला तो तुझ्यामुळे नाही, माझ्या पायांमुळे." ती थांबली. माझ्या पायांकडे बघून हसलीसुद्धा, पण फोटोत यावं इतकं नाही.

भाच्यानं काय केलं, ऐका. बुटाची नाडी सोडून दुसरीला जोडली, दीड मीटर मोजून काठीला बांधली. नाडीचं टोक ताईच्या खांद्याला टेकेल तिथं मी उभा राहायचं, आणि फोटोच्या वेळी नाडी गुंडाळून घ्यायची. इतकी साधी युक्ती मला सुचली नव्हती.

दुसरा फोटो. रंग बरोबर. पण भाची कशी उभी? ओळखपत्राला उभी राहावं तशी, मान ताठ, ओठ घट्ट. मग भाचा म्हणाला, "ताई, उभी नको राहूस. चढाईला ये. माझ्यावर."

तिनं मातीत पायानं मध्यरेषा ओढली. खाली झुकली. दोन्ही हात पसरले आणि पुटपुटायला लागली, "कबड्डी कबड्डी कबड्डी..." आणि तिचा चेहराच बदलला. डोळे कॅमेऱ्यावर नव्हते, कॅमेऱ्यामागच्या पकडीवर होते. फ्लॅश उडाला. पुन्हा उडवायला थांबावं लागलं, कारण फ्लॅश भरायला काही सेकंद लागतात. तो कुईंऽऽ करत भरतो, आणि सेल उतरले असले की जास्तच वेळ घेतो. भाचा वैतागला. मी म्हटलं, "अरे, होमाई व्यारावाला आठव." होमाईबाई म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण. त्यांच्या उमेदीच्या काळात फ्लॅशला प्रत्येक फोटोसाठी नवा बल्ब लावावा लागायचा, आणि जुना गरमागरम काढावा लागायचा. त्याच्याही आधी, १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी निघाली. ती पेटवायची, मोठा भडका, खोलीभर धूर! कित्येकांनी भुवया जाळून घेतल्या. "तुला पाच सेकंद थांबायला काय होतं?" मी हे सांगत होतो तेवढ्यात फ्लॅश भरलासुद्धा, आणि दोघांनीही मला 'काठी वर' म्हणून दटावलं.

आठ-दहा वेळा ती चढाईला आली. सूर्य खाली गेला तसं आकाश अंधारायला लागलं. भाच्यानं शटर १/२०० वरून १/१०० वर आणलं, मग १/६० वर. नळ बारीक झाला, म्हणून कळशी जास्त वेळ धरली. तांब्या तोच.

मग ती आली आणि भावाच्या हातातून कॅमेरा घेतला. आम्ही दोघं गप्प. तिनं एक फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मागे नारिंगी-जांभळं आकाश होतं. गालाच्या हाडावर माठावर उतरली होती तशी चमक. कपाळावर घामाचे थेंब. डावी बाजू सावलीत, पण कान दिसत होता, कानातली रिंग दिसत होती. बराच वेळ ती बघत राहिली.

"मानेचा आणि चेहऱ्याचा रंग एकच आहे," ती म्हणाली.

एवढंच. मग कॅमेरा परत दिला आणि बूट शोधायला लागली. एका बुटाला नाडी नाही म्हणून भावावर ओरडली.

ज्यांच्याकडे फ्लॅश नाही, त्यांच्यासाठी: पुठ्ठ्याला पांढरा ड्रॉइंग पेपर चिकटवा आणि सूर्याकडे पाठ केलेल्या मित्राच्या चेहऱ्यावर त्यानं ऊन परतवा. बाजूनं, खालून नव्हे, नाहीतर भूत! साध्या फोनवरही यानं फरक पडतो. आणि काही पथ्यं. अगदी तान्ह्या बाळाच्या डोळ्यांजवळ फ्लॅश उडवायचा नाही. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याच्या दिशेनं कधीच नाही. ज्याचा फोटो, त्याला आधी विचारायचं, आणि काढल्यावर दाखवायचा. नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीनं मला एक काम सांगितलं. फोटो छापून हवा होता, पण माप विचित्र: रुंदी पावणेदोन सेंटिमीटर, उंची दोन. "एवढासा? अगं, मोठा करून भिंतीवर लावू." "तो पण कर. पण आधी हा." मी दुकानात जाऊन एका कागदावर तसे चार फोटो छापून आणले. तिनं कात्रीनं एक नीट कापला. मग तो न सापडणारा वार्षिक अंक कुठूनसा सापडला. पांढरा कागद होता तिथं, त्याच्यावरच, तिनं तो फोटो चिकटवला. आता त्या संघात अकरा पिठाच्या मुली आहेत आणि एक चढाईला निघालेली.

काल भाच्याचा फोन आला होता. अकराच्या अकरा जणींनी अंक पाहिलाय आणि त्याला रविवारी मैदानावर बोलावलंय. त्यानं नव्या नाड्या आणल्यात, चार्ज होणारे आठ सेल घेतलेत, धोतराला दुसरा तुकडा लावलाय. काठी धरायला कोण, असं विचारत होता. माझा खांदा अजून दुखतोय. तरी रविवार सकाळच्या एसटीचं तिकीट मी काढून ठेवलंय.